माझ्या पाठीतला वारा

मित्रांनो, लोक मला टेबलावरचा कॉम्प्युटर म्हणतात, पण माझं सगळं आयुष्य टेबलाखाली गेलं. टेबलावरचा मान पडद्याला आणि कीबोर्डला. मी खाली, काळ्या पत्र्याच्या पेटीत, धुळीच्या आणि सपातांच्या संगतीत. आता मी बराच जुना झालो आहे. किकिंडा गावातल्या एका फ्लॅटच्या कोठीत, आय्वार नावाच्या लाल मिरचीच्या चटणीच्या बरण्या आणि आंबवलेल्या कोबीचं पिंप यांच्या मध्ये माझा मुक्काम असतो. कुणी बोलायला येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, कारण एका आठवड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म नोव्ही सादमधल्या एका दुकानात झाला. जन्म कसला, सात देशांतून आलेले सुटे भाग एका घाईतल्या माणसाने स्क्रू आवळून एकत्र बसवले, एवढंच. त्याने माझ्या पाठीत एक पंखा बसवला आणि त्यावर जाळी लावली. आम्हा कॉम्प्युटरांचं नाक पाठीत असतं म्हणा ना! आत जे तापतं ते हा पंखा मागून बाहेर फेकतो. तो अडला तर मी तापत जातो, आणि फार तापलो की स्वतःच डोळे मिटतो, नाहीतर जळून कोळसा होईन. हा माझा हट्ट नाही, स्वभाव आहे.

मला लोखंड ओतायच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नेलं. तिथे नेवेना टायपिस्ट होती. दहाही बोटांनी, खाली न बघता टाइप करायची. साहेब पाहुण्यांना सांगायचे, "ही आमची नेवेना आणि हा तिचा कॉम्प्युटर. या जोडीला तोड नाही." मी फुगून जायचो. पण पुढे कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आठवण म्हणून काहीतरी घरी नेलं. कुणी खुर्ची नेली, कुणी भिंतीवरचं घड्याळ. नेवेनाने मला उचललं, सायकलच्या कॅरियरवर दोरीने बांधलं आणि ती घरापर्यंत चालत आली. इतक्या मायेने मला कुणी कुठे नेलं नव्हतं.

घरात नेवेना, तिचा नवरा मिलेंको, तेव्हा पाच वर्षांची असलेली मुलगी इस्क्रा आणि सासू रुझाआजी. मिलेंको गावातली बस चालवायचा. त्याच्या एकट्याच्या पगारात घर कसंबसं चालायचं. दोन वर्षं मला कुणी विचारलं नाही. इस्क्रा माझ्यावर रंगीत मांजरं काढायची, तेवढंच काम. नेवेना मात्र नोकरीसाठी उंबरे झिजवत होती.

मग तिला काम मिळालं, तेही घरबसल्या. बेलग्रेडच्या एका संस्थेकडून माणसांच्या बोलण्याची रेकॉर्डिंग यायची. ती हेडफोन लावून ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करायची. सोपं वाटतं ना? करून बघा. एकजण बोलतोय, दुसरा खोकतोय, तिसरा मध्येच "तसं नव्हतं हो" म्हणतोय आणि मागे कुणीतरी कपात चमचा ढवळतंय. तासाभराचं बोलणं उतरवायला तीन तास लागतात, तेही पायाखाली पेडल असेल तर. हे पेडल शिवणयंत्राला असतं तसंच. दाबलं की आवाज चालू, पाय उचलला की आवाज थांबतो आणि दोन शब्द मागे सरकतो. हात कीबोर्डवरून हलवावे लागत नाहीत. नेवेनाचं पेडल कारखान्यातलं, जुन्या गोल पिनेचं. ते माझ्यावाचून दुसऱ्या कुणाला लागत नसे.

तीन महिने आम्ही दोघांनी मान मोडून काम केलं. मग मार्चमध्ये संस्थेने मोठी परीक्षा घेतली. एका जुन्या साखर कारखान्याच्या म्हाताऱ्या कामगारांच्या मुलाखती होत्या, बारा तासांच्या. शनिवारी दुपारी चारच्या आत सगळं पाठवायचं. वेळेत आणि नीट झालं तर कायमचं काम, नाही तर रामराम.

आणि नाही तर काय, हे मला ठाऊक होतं, कारण नवरा-बायको माझ्यासमोरच कुजबुजायचे. त्याच शनिवारी पाच वाजता झागोर्का येणार होती. ही झागोर्का गावातल्या बायकांना ऑस्ट्रियात कामाला पाठवायची. तिकडच्या म्हाताऱ्यांना न्हाऊ-माखू घालायचं, उठवायचं, बसवायचं. तीन महिने तिकडे, पंधरा दिवस घरी. लिंझ गावातली एक म्हातारी नेवेनासाठी राखून ठेवली होती. बेलग्रेडचं काम हुकलं की नेवेना लिंझच्या बसमध्ये बसणार होती. इस्क्राला आई वर्षातून जेमतेम दोन महिने मिळणार होती.

"आईंना नको सांगूस," नेवेना म्हणाली होती. "त्यांचं ब्लडप्रेशर चढेल. ठरलं तर बघू."

मिलेंकोने मान हलवली. दोघांनी म्हातारीला जपलं म्हणे!

आता म्हातारीने काय केलं ते ऐका.

आमच्याकडची माणसं लांडग्याला भिणार नाहीत, पण प्रोमायाला भितात. समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी राहिली की आरपार वारा जातो, त्याला प्रोमाया म्हणतात. दात दुखला, प्रोमाया. मान धरली, प्रोमाया. शेजारचा पेटर भर उन्हाळ्यात गेला, तर रुझाआजी म्हणाली, "बसमध्ये दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या होत्या, मी सांगत होते." पेटर ब्याण्णव वर्षांचा होता. नेवेना हसायची, म्हणून रुझाआजीने तिला सांगणंच सोडलं होतं. जे करायचं ते ती गुपचूप करायची.

बसून बसून नेवेनाची कंबर धरली होती. पायात गोळे यायचे. परीक्षेचं काम आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, नेवेना बाजारात गेली असताना, रुझाआजी टेबलाखाली वाकली. एक हात गुडघ्यावर, दुसरा माझ्या पाठीवर. माझा श्वास तिच्या तळव्याला लागला.

"असं होय!" ती म्हणाली. "तरी म्हटलं, पोरीच्या पायांवर वारा येतो कुठून. तू आहेस होय रे चोरा?"

अहो, माझा वारा गरम असतो! पण तिला कोण सांगणार? गरम असो की गार, प्रोमाया ती प्रोमाया. तिने मिलेंकोचे जाड लोकरीचे मोजे आणले, तिनेच विणलेले, आणि जाळीवर ठेवून मला मागे ढकललं. पाठ भिंतीला टेकली. वरून टेबलक्लॉथ खालपर्यंत ओढलं. मग ती उठली, कंबर सरळ केली आणि समाधानाने सूप करायला गेली. माझा श्वास तिथेच कोंडला.

मित्रांनो, राग कुणाचा करायचा? तिने सुनेवरच्या मायेने केलं. पण मायेने दाबलेलं नाकसुद्धा नाकच असतं.

सोमवारी मी एकदा बंद पडलो. मंगळवारी दोनदा. नेवेना दर पाच मिनिटांनी लिहिलेलं जपून ठेवायची, तरी हातातलं वाक्य जायचं, पुन्हा सुरू व्हायला वेळ जायचा, आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त जायचं ते वेगळंच. ती माझ्यासमोर हात जोडायची. "आठवडाभर चाल रे बाबा. एवढा आठवडा. मग हवं तर मर." मी मरत नव्हतो हो. मला श्वास हवा होता.

बुधवारी मिलेंको मला ओब्रादकडे नेणार म्हटल्यावर, तो वायरी काढायच्या आधीच रुझाआजीने मोजे काढून घेतले. चांगली लोकर गॅरेजात काळी होईल ना! ओब्राद आमच्याच गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याच्या गॅरेजात दार सताड उघडं असतं. तिथे मी दहा तास चाललो, हूं की चूं केलं नाही. गुरुवारी दुपारी तो मला परत घेऊन आला आणि तिघं स्वयंपाकघरात कॉफी प्यायला बसले. मी दाराशी जमिनीवर.

"वहिनी, खरं सांगू? याला काही झालेलं नाही."

"मग इथे आल्यावर काय भूत लागतं याला?" मिलेंको म्हणाला.

"तापतो. तापला की बंद होतो. मागून मोकळा ठेवता ना? हवा खेळती पाहिजे याला."

"मोकळाच आहे," नेवेना म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

ज्या एका बाईला हे ऐकायला हवं होतं ती नेमकी इस्क्राला शाळेतून आणायला गेली होती. माझ्या तोंडाला आवाज असता तर मी किकिंडाच्या चौकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडलो असतो.

मिलेंको उठला आणि कपाटावरून एक चपटी राखाडी पेटी घेऊन आला. व्हिएन्नाहून आलेल्या चुलतभावाचा लॅपटॉप. आठवडाभर वापरून बघा, आवडला तर ठेवा, असं तो म्हणाला होता.

"आता तरी हा म्हातारा टाक," मिलेंको बायकोला म्हणाला. "काखेत मारून कुठेही नेता येतो. वीज गेली तरी चालतो."

"चालतो," ओब्राद म्हणाला. "पण बिघडला तर मी हात टेकले. याला मी चार स्क्रू काढून उघडतो. त्याला उघडायचं म्हणजे अक्रोड फोडायचा, तुकडेच हातात. आणि वहिनी, एवढ्याशा बटणांवर तुम्ही दिवसदिवस टाइप करणार? मान खाली घालून? पडदासुद्धा वर करता येत नाही."

"अरे, पण चालणारा अक्रोड बरा की बंद पडणारा भोपळा?"

भोपळा म्हणजे मी. मनाला लागलंच, पण मला नेवेनाचं उत्तर ऐकायचं होतं. तिने लॅपटॉप सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला.

"माझं पेडल याला कुठे लागणार? गोल भोकच नाही."

"नोव्ही सादला जोडणी मिळेल," ओब्राद म्हणाला. "पण सोमवारी."

सोमवार! शनिवारी दुपारी चारनंतर सगळे सोमवार तिला सारखेच होते. तिने मला टेबलाखाली सरकवलं. संध्याकाळी ती इस्क्राला अंघोळ घालत असताना रुझाआजी पुन्हा वाकली. या वेळी मोज्यांच्या दोन जोड्या आणल्या.

शुक्रवारी सकाळी तीन तासांचं बोलणं उरलं होतं. अकरा वाजता मी बंद पडलो. पुन्हा सुरू केलं, दीडला पुन्हा बंद पडलो, आणि या वेळी जपून ठेवलेली फाइलच उघडेना. अख्ख्या सकाळचं काम वाहून गेलं. नेवेना ओरडली नाही, मला लाथ मारली नाही. खुर्चीत नुसती बसून राहिली. मला लाथ चालली असती. मग तिने पेन ड्राइव्ह काढला, हेडफोन उचलले आणि ती लॅपटॉपपाशी स्वयंपाकघरात गेली.

मला तिकडचा आवाज ऐकू यायचा. टकटकटक, मग थांबा. हात उचलून आवाज बंद, मागे सरकव, पुन्हा हात बटणांवर. टकटक, पुन्हा थांबा. लंगड्या माणसाने जिना चढावा तसं ते काम चाललं होतं. जिथे तीन तास लागायचे तिथे सहा लागत होते. भरीला रुझाआजीने टेबलावर चरा पडू नये म्हणून लॅपटॉपखाली भरतकामाची उशी सरकवली. लॅपटॉपला खालून श्वास घ्यावा लागतो. मला त्याची घरघर भिंतीपलीकडून कळली. तोपर्यंत मी त्याच्यावर जळत होतो, खोटं कशाला बोलू? पण तेव्हा वाटलं, ये भावा, तूही याच घरात आलास.

शनिवार उजाडला तो कोशावा घेऊन. हा आमच्याकडचा पूर्वेचा वारा, सुटला की खिडक्यांची तावदानं थरथरतात. मिलेंको कामावर गेला, इस्क्रा मैत्रिणीच्या वाढदिवसाला. घरात सासू-सून दोघीच. बरोबर बारा वाजता स्वयंपाकघरातली टकटक थांबली. नेवेना माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, हातात पेन ड्राइव्ह.

ती स्वतःशीच मोठ्याने बोलत होती. "एक तासाचं उरलंय. चार तास हातात. लॅपटॉपवर सहा लागतील. याच्यावर तीन. पण हा..."

हिशेब सोपा होता. लॅपटॉप बंद पडणार नव्हता, पण त्याच्यावर काम पुरं होणार नव्हतं. माझ्यावर पुरं झालं असतं, पण माझा भरवसा नव्हता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली आणि पेडल पायाखाली घेतलं.

माझी छाती भरून आली, आणि भीतीही वाटली. मी जिवाच्या आकांताने चाललो. तिची बोटं पाऊस पडावा तशी चालत होती. पेडल खालीवर होत होतं. हेडफोनमधून एक म्हातारा कामगार बीट धुवायच्या हौदाबद्दल बोलत होता. माझ्या आत मात्र भट्टी पेटत चालली होती. पंखा मोज्यांवर डोकं आपटत होता. मी स्वतःला म्हणत होतो, अजून थोडं, अजून एक ओळ. बारा पस्तीसला माझे डोळे मिटले.

पडदा काळा झाला. नेवेनाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"झालं," ती म्हणाली. "संपलं. जाते मी लिंझला."

रुझाआजी सुपाची वाटी घेऊन दारात उभी होती.

"लिंझला? लिंझला कोण जातंय?"

नेवेना दचकली. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी. आज हे काम गेलं की संध्याकाळी झागोर्काला हो म्हणायचंय. तिकडे एका म्हातारीला सांभाळायचं."

"आणि इस्क्रा?"

"तुमच्यापाशी."

"मला कधी सांगणार होतीस? बस सुटल्यावर?"

"आई, तुमचं ब्लडप्रेशर..."

"ब्लडप्रेशर गेलं खड्ड्यात!" रुझाआजीने वाटी इतक्या जोरात ठेवली की सूप टेबलक्लॉथवर सांडलं. "आणि हा मेला बंद का पडतो सारखा? एवढा पैसा घालून दुरुस्त केलात ना?"

"तापतो, आई. याला मागून हवा खेळती लागते. ओब्रादभाऊ सांगून सांगून थकले."

रुझाआजीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग ती एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघे दुखत असताना, टेबलाला धरून खाली बसली. टेबलक्लॉथ वर केलं, मला पुढे ओढलं आणि माझ्या पाठीतून एक मोजा काढला. मग दुसरा. मग तिसरा. मग चौथा.

"हे काय आहे?" नेवेनाने विचारलं.

"मोजे."

"ते दिसतंय मला! तिथे काय करत होते?"

"याच्या पाठीतून वारा येतो गं. तुझ्या पायांवर. तुझी कंबर धरलेली, मला बघवेना. तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस."

"आठ दिवस!" नेवेनाचा आवाज फाटला. "आठ दिवस मी रडतेय, मिलेंकोशी भांडतेय, ओब्रादभाऊंना वेड लावलं, आणि तुम्ही... तुम्ही मोजे कोंबताय?"

"ओरड, पोरी, हवं तेवढं ओरड. पण चारनंतर. आता काय करायचं ते सांग."

नेवेनाने फोन उचलला. ओब्रादने एका वाक्यात सांगितलं. ते ऐकून तिने सासूकडे पाहिलं आणि तिला सांगवेना.

"बोल ना! काय म्हणाला?"

"म्हणतात, तो फार तापलाय, लवकर गार करायला हवा. त्याच्यामागची खिडकी उघडा आणि समोरचं दारही. वारा आरपार जाऊ दे. आई, प्रोमाया करायला सांगतात."

बाहेर कोशावा घोंघावत होता. रुझाआजीने छातीवर तीनदा क्रूस काढला. मग ती उठली, स्वतः खिडकीशी गेली आणि दोन्ही तावदानं उघडली. जिन्याचं दारही उघडलं. तिच्या आयुष्यात त्या घरात असा वारा कधी शिरला नव्हता. पडदे छताला लागले, कागद उडाले आणि दार धाडकन आपटून पुन्हा बंद झालं. तिने पुन्हा उघडलं, ते पुन्हा आपटलं. दाराला लावायला जड असं काही सापडेना. तेव्हा रुझाआजीने मिलेंकोचा थंडीतला कोट अंगावर चढवला, डोक्याला शाल गुंडाळली, दाराच्या चौकटीत खुर्ची टाकली आणि ती स्वतःच दाराला पाठ लावून बसली. ऐन प्रोमायात.

"आई, तुम्ही आजारी पडाल!"

"टाइप कर."

पावणेएकला मी डोळे उघडले. काय सांगू मित्रांनो! गार वारा आत आला, कोंडलेली आग पाठीतून बाहेर पडली आणि मी पुन्हा पोटभर श्वास घेतला. नेवेना टाइप करत होती आणि मी एकही अक्षर अडवलं नाही. एक वाजला. दोन वाजले. एका जागी दोन म्हातारे एकाच वेळी बोलत होते, ते तिने सहा वेळा ऐकलं. सहा मिनिटं गेली. तीन वाजता रुझाआजी खुर्चीतून म्हणाली, "किती राहिलं?" "वीस मिनिटांचं," नेवेना पेडल न सोडता म्हणाली. हिशेब पुन्हा अंगावर आला होता, वीस मिनिटांना एक तास. खाणं नाही, पाणी नाही, मध्ये एक शब्द नाही. शेवटच्या म्हाताऱ्याने "बस, एवढंच आठवतं" म्हटलं तेव्हा तीन पन्नास झाले होते. फाइल पाठवायला घेतली. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. नेवेना दोन्ही हात तोंडावर दाबून बसली होती. मीही श्वास रोखला असता, पण मला रोखायची हिंमत नव्हती. तीन छप्पन्नला 'पोचलं' असं आलं.

दोघींपैकी कुणी ओरडलं नाही. नेवेना सासूपाशी गेली आणि तिच्या कोटात तोंड लपवून रडली. बराच वेळ दोघी तिथेच वाऱ्यात होत्या.

पाच वाजता झागोर्का जिना चढून आली आणि दारातच किंचाळली. "अगं बायांनो, काय हे? दार उघडं, खिडकी उघडी! मरायचंय का?" तिने पहिल्यांदा खिडकी लावली, मग विचारलं, "नेवेना, काय ठरलं? सीट अडवून ठेवलीय. दुसरी बाई वाट बघतेय."

बेलग्रेडचं उत्तर मंगळवारी येणार होतं. काम पोचलं होतं, पण पसंत पडलं की नाही हे देवालाच ठाऊक. नाही म्हणावं तर लिंझही जाणार आणि कदाचित बेलग्रेडही.

"माझं नाव लिही," रुझाआजी खुर्चीतूनच म्हणाली.

"तुझं?"

"हो, माझं. तिकडची म्हातारी किती वर्षांची आहे?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग बरोबरीची बाई मिळेल तिला. सूप मला चांगलं येतं. आणि तिच्या घरात प्रोमाया येऊ देणार नाही."

झागोर्का हसायला लागली. "रुझा, जर्मन येतं का तुला?"

"म्हातारपण येतं," रुझाआजी म्हणाली. "इस्क्राच्या डोक्यावर आईचा हात राहू दे. मी जाते."

ती थट्टा करत नव्हती. झागोर्काचं हसू थांबलं. नेवेना सासूसमोर उकिडवी बसली, तिच्या कोटाची सुटलेली गुंडी लावली आणि मान न वळवता म्हणाली, "झागोर्काताई, सीट दुसऱ्या बाईला द्या. या घरातून कुणीच जात नाही."

रविवारी रुझाआजीची मान खरंच धरली. डावीकडे वळेना. ती विजयी चेहऱ्याने घरभर फिरली. "आता तरी पटलं? तीन तास बसले, बघा काय झालं!" कुणी हसलं नाही. मिलेंकोने मुकाट्याने तिची मान चोळून दिली. मंगळवारी बेलग्रेडहून पत्र आलं. काम पसंत होतं. लॅपटॉप चुलतभावाकडे परत गेला, बिचारा, त्याचा काही दोष नव्हता. ज्यांना फिरावं लागतं त्यांना तो हवाच. पण एका जागी बसून दिवसभर टाइप करणाऱ्या बाईला टेबल हवं, मोठा पडदा हवा, पायाखाली पेडल हवं. नेवेनाने माझ्यावर आणखी पाच वर्षं काम केलं.

त्या पाच वर्षांत इस्क्राचे दुधाचे दात पडले, तिला गोवर आला, ती शाळेच्या नाटकात कोल्हा झाली. प्रत्येक वेळी तिने "आई!" म्हणून हाक मारली, आणि प्रत्येक वेळी पेडलवरून पाय उचलल्याचा आवाज मी ऐकला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याची पाठ मोकळी ठेवा. त्याच्यावर कापड घालू नका, त्याला भिंतीशी चेपू नका, वर्षातून एकदा धूळ काढा. एवढं मागण्याचा मला हक्क आहे. दुसरं मागणं माझ्यासाठी नाही. कुणाच्या भल्यासाठी काही करायला निघालात, तर आधी त्याच्याशी बोला. मला कुणी विचारलं नाही याचं मला वाईट वाटत नाही, मला उत्तर देताच आलं नसतं. पण त्या दोघींना तोंडं होती. एकीने लिंझ लपवलं, दुसरीने मोजे. दोघी एकमेकींना जपत होत्या, आणि तेवढ्यात एक लहान मुलगी तिच्या आईला मुकणार होती.